डबल मार्करमध्ये 'हाय रिस्क' आलंय, पुढे काय करावं?

कृष्णकमळ | ५ जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार. मी सोलापूरची, विजापूर रोडला राहते. वय २८, गर्भारपणाची पहिलीच वेळ. आज तेरा आठवडे चार दिवस झालेत.

संध्याकाळी लॅबवाल्यांनी व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट पाठवला. ट्रायसोमी २१, म्हणजे डाउन सिंड्रोमच्या पुढे १:१८० आणि लाल अक्षरात 'हाय रिस्क'. फोन केला तर म्हणाले डॉक्टरांना दाखवा. आमच्या डॉक्टर परवाशिवाय भेटणार नाहीत. तोपर्यंत हा कागद घेऊन मी काय करू?

बाकीचे आकडे देते. एनटी (बाळाच्या मानेमागचं पाणी) १.६ मिमी, नाकाचं हाड दिसलंय, माझ्या रक्तातलं पॅप-ए ०.३८, बीटा एचसीजी २.४. सोनोग्राफीत सगळं छान आहे म्हणाले होते. हात हलवताना पाहिलं होतं आम्ही दोघांनी.

ह्यांना सांगितलंय. ते कारखान्यातून आले, रिपोर्ट वाचला आणि गच्चीत जाऊन बसलेत. सासूबाईंना अजून काही बोललो नाही. सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या. लग्न नात्यातलं आहे. आमच्याकडे मामाची मुलगी करतातच, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. आता मात्र तोच विषय निघणार आणि आत्या स्वतःला दोष देत बसणार, याची मला रिपोर्टइतकीच भीती वाटते आहे.

कुणी यातून गेलं असेल तर लिहा. झोप येत नाहीये.

अबोली | ५ जानेवारी, रात्री ११:५८

अगं, मी गेले आहे. माझं १:२१० आलं होतं, वय ३१. मुलगी आता बालवाडीत आहे, ठणठणीत. पण माझं चांगलं झालं म्हणून तुझंही होईलच असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत मला असं कुणी म्हटलं की रागच यायचा.

आज रात्री एकच कर. फोन बाजूला ठेव आणि गुगल करू नकोस. रात्री बारा वाजता वाचलेली प्रत्येक ओळ आपल्यासाठीच लिहिली आहे असं वाटतं. आणि ह्यांना गच्चीवरून खाली बोलव. एकाच गोष्टीसाठी दोघांनी दोन ठिकाणी बसून रडू नका.

पारिजात_डॉ | ६ जानेवारी, सकाळी ७:१५

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सोलापुरातच प्रॅक्टिस करते. इथे लिहिते ते समजून घेण्यापुरतं. निर्णय तुमच्या डॉक्टरांसमोर बसूनच घ्या.

कृष्णकमळ, डबल मार्कर ही चाळणी आहे, निदान नाही. तुमच्या रक्तातली दोन द्रव्यं, बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी आणि तुमचं वय एकत्र करून संगणक एक शक्यता काढतो. बाळाच्या गुणसूत्रांना या तपासणीत कुणी हातही लावलेला नसतो. १:१८० चा अर्थ असा की अगदी तुमच्यासारखाच रिपोर्ट असलेल्या १८० जणी एका मंगल कार्यालयात बसवल्या, तर त्यातल्या एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल आणि १७९ जणींच्या बाळांना नसेल. टक्क्यांत सांगायचं तर अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त. बऱ्याच लॅब १:२५० ही रेषा धरतात आणि त्याच्या अलीकडचा आकडा लाल छापतात. लाल शाई पाहून १७९ जणी विसरायला होतं.

पण 'काही होत नाही' असंही मी म्हणणार नाही. वयामुळे असणारी शक्यता पंचविशीत साधारण १२५० त १, पस्तिशीत ३५० त १ आणि चाळिशीत १०० त १ असते. म्हणजे तुमच्या वयाच्या मानाने तुमचा आकडा वाढलेला आहे. पॅप-ए कमी आणि एचसीजी जास्त हा साचा डाउनमध्ये दिसतो, म्हणून संगणकाने तो पकडला. तो निरोगी बाळांतही दिसतो. एनटीसकट केलेली ही तपासणी दहापैकी साडेआठ-नऊ डाउनच्या गर्भांना पकडते, पण त्यासाठी निरोगी बाळांच्या शंभरातल्या पाच आयांना घाबरवते. १००० जणींची तपासणी केली तर सुमारे ५० जणींच्या हातात तुमच्यासारखा कागद पडतो. त्यातल्या एक किंवा दोघींच्याच बाळाला खरोखर तो त्रास असतो.

पुढचे रस्ते असे. एक, एनआयपीटी. आईच्या दंडातून रक्त घेतात आणि त्यात तरंगणारे वारेकडून आलेले डीएनएचे तुकडे तपासतात. दहाव्या आठवड्यापासून करता येते, बाळाला धोका शून्य. डाउनसाठी ९९ टक्क्यांच्या आसपास पकड आहे, तरी तीही चाळणीच. त्यात 'हाय रिस्क' आलं तर गर्भजल तपासून खात्री केल्याशिवाय कोणताही निर्णय घ्यायचा नाही, हे पाठ करून ठेवा. दोन, वारेचा तुकडा घेऊन तपासणं, म्हणजे सीव्हीएस, ११ ते १४ आठवड्यांत. तुमच्याकडे त्यासाठी दोन-तीन दिवसच उरलेत. तीन, गर्भजल तपासणी, १५ आठवडे पूर्ण झाल्यावर. या दोन तपासण्यांत थेट वारेच्या किंवा बाळाच्या पेशी मिळतात, म्हणून उत्तर पक्कं मिळतं. गर्भपाताचा धोका असतो, पण सरावलेल्या हातात तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे.

आता नात्यातल्या लग्नाबद्दल, कारण इथे सोलापुरात हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. डाउन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची तिसरी प्रत असते. बीजांड तयार होताना गुणसूत्रांची जोडी नीट सुटत नाही, त्यातून हे घडतं. नवरा आत्येभाऊ आहे की अनोळखी, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. नात्यातल्या लग्नाचा धोका वेगळ्या आजारांत असतो, जिथे एकच सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं. कुठल्याही जोडप्यात जन्मजात दोषाची शक्यता २ ते ३ टक्के असते, सख्ख्या आते-मामेभावंडांत ती साधारण दुप्पट होते. थॅलेसेमियाची तपासणी, घरात कुणाला बहिरेपण किंवा लहानपणी दगावलेली मुलं आहेत का, ही माहिती डॉक्टरांना जरूर द्या. पण या कागदाचं ओझं आत्यांच्या डोक्यावर अजिबात ठेवू नका. त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

अक्कलकोट_रोड | ६ जानेवारी, सकाळी ८:०२

ताई, आमच्या मंडळींचंबी असंच आलतं की. लई घाबरलालो आमी. मग मोठ्या डॉक्टरनं फॉर्म बघितला तर त्यात वजनच चुकीचं, आन पाळीची तारीख एक महिना मागची. परत गणित केलं तर रिस्क खाली गेली. तुमीबी फॉर्म बघा एकदा. काय लिवलंय त्यात ते.

पारिजात_डॉ | ६ जानेवारी, सकाळी ८:२०

महत्त्वाचं आहे हे. वजन, वय, जुळं आहे का, मधुमेह आहे का, आयव्हीएफ आहे का, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे गर्भाचं वय सोनोग्राफीतल्या बाळाच्या लांबीवरून धरलंय की पाळीच्या तारखेवरून, हे सगळं त्या गणितात जातं. एक आठवड्याचा फरकही आकडा हलवतो. कृष्णकमळ, रिपोर्टवर सीआरएल, म्हणजे बाळाची ही लांबी, लिहिलेली असेल, ती एनटी स्कॅनच्या कागदाशी ताडून बघा.

कृष्णकमळ | ६ जानेवारी, दुपारी १:१०

बघितलं. सीआरएल ७१ मिमी, दोन्हीकडे तेच. वजनही बरोबर आहे. म्हणजे आकडा खरा आहे.

डॉक्टर, तुमचं सकाळी वाचलं. मंगल कार्यालय डोळ्यांसमोर आलं आणि पहिल्यांदा श्वास नीट घेता आला. तो परिच्छेद ह्यांनाही पाठवला.

भक्तीमार्ग | ६ जानेवारी, दुपारी ३:३०

ताई, या तपासण्यांच्या नादी लागू नका. आमच्या आईला सहा मुलं झाली, एकही तपासणी नव्हती. रिपोर्ट ठेवून द्या, अक्कलकोटला जाऊन या, स्वामींवर सोपवा. सुई टोचून घेऊन बाळाला त्रास कशाला?

अबोली | ६ जानेवारी, दुपारी ४:०५

दादा, अक्कलकोटला मीही गेले होते, आणि येताना बरं वाटलं हे खरं आहे. पण तपासणी करायची की नाही हे त्या दोघांनाच ठरवू द्या. काही जणींना कळल्याशिवाय राहवत नाही. काही जणी म्हणतात, जे येईल ते आमचं, आम्हाला पुढची तपासणी नको. तेही बरोबरच आहे, कायद्याने कुणी सक्ती करत नाही. पूर्वीच्या आयांच्या सहा मुलांबद्दल आपण बोलतो, पण न राहिलेल्या मुलांबद्दल त्या कुणाजवळ बोलल्या नाहीत.

निशिगंध | ६ जानेवारी, रात्री १०:५०

मी बराच वेळ विचार करून लिहिते आहे. ज्यांना आत्ता असलं काही वाचायचं नाही त्यांनी माझी पोस्ट सोडून द्या. कृष्णकमळ, तूही.

माझं वेगळं होतं. एनटी ४.१ मिमी आणि नाकाचं हाड दिसत नव्हतं. तेव्हा डॉक्टरांनी एनआयपीटी सुचवलीच नाही. म्हणाल्या, साडेतीनच्या वर एनटी असेल तर थेट पेशी तपासायच्या, कारण गुणसूत्रांचे इतरही दोष आणि हृदयाचे दोष असू शकतात. गर्भजल तपासणीत ट्रायसोमी २१ पक्कं झालं. हृदयाच्या सोनोग्राफीत मधली भिंत आणि झडप दोन्ही अपुरे होते. आम्ही गर्भ पुढे न्यायचा नाही, तिथेच थांबायचं ठरवलं.

मी इथे कुणाला पटवायला आलेले नाही. मला एवढंच सांगायचं आहे की तो निर्णय घेणारी बाई निर्दय नसते. मी त्या बाळाचं नाव मनात ठेवलं होतं. घरी सगळ्यांना 'आपोआप पडलं' असं सांगितलं, कारण खरं सांगायची ताकद नव्हती. दूध आलं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की असं होतं. दुसऱ्या तिमाहीत गर्भ गेला तरी दूध येऊ शकतं. डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं, गोळी असते.

गर्भपाताच्या कायद्याचं कुणी विचारत असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, ठराविक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोघांचं, आणि गर्भात गंभीर दोष असेल तर २४ च्या पुढेही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने करता येतं. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. मला हे माहीत नव्हतं, म्हणून लिहिलं.

एकवीस मार्चला डाउन सिंड्रोम दिन असतो. त्या दिवशी मी फोन बंद ठेवते.

पारिजात_डॉ | ६ जानेवारी, रात्री ११:२०

निशिगंध, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. यावर मी काही जोडणार नाही.

बाराबंदी | ७ जानेवारी, सकाळी ९:४०

निशिगंधताई, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी तुमच्या उलट बाजूला आहे, आणि तुमच्यावर माझा काडीचाही राग नाही. आधी हे सांगते, मग माझं.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. मला गर्भारपणात काही कळलं नव्हतं, आम्ही तेव्हा खेड्यात होतो आणि डबल मार्कर केलीच नव्हती. वय माझं २४ होतं. लोकांना वाटतं हे फक्त म्हाताऱ्या आयांना होतं. खरं तर बहुतेक बाळंतपणं तरुण वयातच होतात, त्यामुळे अशी बरीच बाळं तरुण आयांनाच होतात. बाळ जन्मल्यावर नर्सने माझ्याकडे न बघता त्याला दुसऱ्या टेबलावर नेलं, तेव्हा कळलं काहीतरी आहे.

पहिली दोन वर्षं दवाखान्यातच गेली. हृदयाला छिद्र होतं, ऑपरेशन पुण्यात झालं. थायरॉइडची गोळी रोज चालू आहे. अशा निम्म्या मुलांना हृदयाचा काही ना काही दोष असतो, हे तेव्हा डॉक्टरांकडून कळलं. चालायला उशीर, बोलायला त्याहून उशीर. बोलणं अजूनही परक्या माणसाला चटकन कळत नाही. पैसे लागले, मी नोकरी सोडली. हे सगळं सांगितल्याशिवाय पुढचं सांगणं बरोबर नाही.

आता तो शाळेत जातो, नाव लिहितो. शेंगाचटणी आणि दही असेल तर दोन भाकरी खातो. आम्ही बाळीवेसजवळ राहतो. संक्रांत आली, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आली, की त्याला काही सुचत नाही. पांढरी बाराबंदी घालून मिरवणुकीतल्या सातही नंदीध्वजांच्या उंच काठ्या डोळ्यांआड होईपर्यंत रस्त्यात उभा राहतो, हरऽऽ बोला हर म्हणतो, आणि ते शब्द मात्र सगळ्यांना स्वच्छ कळतात. गेल्या वर्षी एका मानकऱ्यांनी त्याला काठीला हात लावू दिला. रात्री ताप आला इतका तो आनंदला होता.

कृष्णकमळ, तुझ्या बाळाला काही नसेल अशीच शक्यता जास्त आहे. आणि असलंच, आणि तुम्ही पुढे जायचं ठरवलंत, तर मला मेसेज कर. फिजिओथेरपी कधी सुरू करायची, दिव्यांग प्रमाणपत्राला काय कागद लागतात, कुठल्या शाळेत प्रेमाने घेतात, सगळं सांगेन.

सातरस्ता | ७ जानेवारी, सकाळी ११:००

नवऱ्यांसाठी दोन शब्द. मीही असाच गच्चीत बसलो होतो. आमच्यात शिकवलंच आहे की बाईसमोर ढासळायचं नाही. झालं असं की तिला वाटलं मला काही पडलेलं नाही. शेवटी भांडणात बाहेर आलं.

करण्यासारखं खूप असतं. दवाखान्यात प्रत्येक वेळी सोबत जा आणि डॉक्टर बोलतील ते वहीत लिहा, कारण तिला त्यातलं निम्मं ऐकू येत नाही. नातेवाइकांचे फोन तुम्ही घ्या. कुणाला किती सांगायचं हे दोघं मिळून ठरवा आणि मग त्यात बदल करू नका. आमच्याकडे ओटीभरण पुढे ढकललं तेव्हा कारण काय सांगायचं हे आधी ठरलं होतं, म्हणून तिला एकटीला कुणी कोपऱ्यात गाठलं नाही.

आणि एक. पैशाचा हिशोब तिच्यासमोर करू नका. एनआयपीटी महाग आहे, ते खरं. पण तिला ओझं वाटेल असं बोलू नका.

कृष्णकमळ | ८ जानेवारी, रात्री ९:३०

सगळ्यांचं वाचलं. निशिगंध, मी सोडून दिली नाही तुमची पोस्ट. बाराबंदीताई, तुमचीही दोनदा वाचली. दोघींचं एकापाठोपाठ वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की उत्तर काहीही आलं तरी त्यापलीकडे माणसं आहेत, जगतायत.

काल डॉक्टरांकडे गेलो. सीव्हीएसला वेळ उरला नव्हता. दोन दिवसांत पुणं गाठायची माझी तयारीही नव्हती. आधी एनआयपीटी करायचं ठरलं, रक्त आज दिलं. पॅप-ए कमी असल्यामुळे पुढे बीपी वाढण्याची आणि बाळाची वाढ कमी राहण्याची शक्यता असते म्हणून लहान डोसची अॅस्पिरिन रात्री घ्यायला सांगितली आहे. हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

आणि काल रात्री आत्याला सांगितलं. ती रडली. लगेच म्हणाली, मीच हट्ट केला होता, माझ्या भावाचीच मुलगी हवी म्हणून. मग ह्यांनी डॉक्टरांचा परिच्छेद मोठ्याने वाचला. तिने दोनदा वाचायला लावला. नंतर म्हणाली, म्हणजे बीजांडातच होतं का हे? आणि उठून धपाटे करायला गेली. रात्रीचे दहा वाजले होते.

पारिजात_डॉ | ८ जानेवारी, रात्री १०:१०

अॅस्पिरिन १६ आठवड्यांच्या आत सुरू झाली तर जास्त उपयोग होतो, म्हणून वेळेवर झालं. बाकी कुणी हे वाचून स्वतःहून सुरू करू नका. दमा, अल्सर, रक्तस्रावाचा त्रास, बरंच बघावं लागतं.

कृष्णकमळ | १९ जानेवारी, संध्याकाळी ६:४५

एनआयपीटीचा रिपोर्ट आला. त्यात निकालच नाही. 'बाळाच्या डीएनएचं प्रमाण अपुरं, पुन्हा नमुना द्यावा' असं लिहिलंय. इतके दिवस वाट बघून हे. आज शहरभर गड्ड्याची गर्दी आहे, आम्ही दोघं त्या गर्दीतून घरी आलो आणि एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

अबोली | १९ जानेवारी, संध्याकाळी ७:००

अगं बाई गं. ये, बोल इथे. रड पाहिजे तर.

पारिजात_डॉ | १९ जानेवारी, रात्री ८:३०

हे काही जणींच्या बाबतीत होतं. आईचं वजन जास्त असेल, रक्त लवकर घेतलं असेल किंवा वार लहान असेल तर नमुन्यात बाळाचा वाटा कमी पडतो. निकाल न येणं म्हणजे बाळात दोष असणं नव्हे. पण काही गुणसूत्रदोषांत असं जरा जास्त वेळा होतं, त्यामुळे ते कानाआड करण्यासारखंही नाही. आता तुम्ही साडेपंधरा आठवड्यांवर आहात. पुन्हा रक्त देऊन आणखी थांबायचं की थेट गर्भजल, हे तुमच्या डॉक्टरांशी बोला. आधी हाय रिस्क आणि आता निकाल नाही, अशा वेळी बरेच जण गर्भजल तपासणीचाच सल्ला देतील.

कृष्णकमळ | २१ जानेवारी, सकाळी १०:२०

गर्भजल करायचं ठरलं. परत रक्त, परत वाट आणि परत कदाचित, हे मला झेपणार नाही. आमच्या डॉक्टरांनी पुण्यातल्या फीटल मेडिसिनच्या (गर्भातल्या बाळाच्या) तज्ज्ञांकडे पाठवलंय, २७ ची वेळ मिळाली. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जातो आहोत. आत्याही येते म्हणते.

भक्तीमार्ग | २१ जानेवारी, दुपारी १२:००

ताई, मी आधी लिहिलं ते तुम्हाला धीर यावा म्हणून होतं. तुमचं ठरलंय तर ठरलंय. त्या दिवशी मी स्वामींच्या मठात तुमच्या नावाने बसेन.

कृष्णकमळ | २१ जानेवारी, दुपारी १२:३०

दादा, नक्की बसा. मला चालेल, हवंच आहे.

सुपारीफूल | २३ जानेवारी, रात्री ८:००

मी नवीन आहे. मलाही गर्भजल सांगितलंय. माझ्या नणंदेने विचारलं की त्यात मुलगा-मुलगी पण कळतं ना, मग विचारून घे. खरंच कळतं का?

पारिजात_डॉ | २३ जानेवारी, रात्री ८:१५

गुणसूत्रं बघताना तपासणाऱ्याला ते दिसतं, पण रिपोर्टवर लिहिलं जात नाही आणि कुणी सांगत नाही. विचारणं आणि सांगणं, दोन्ही १९९४ च्या लिंगनिवड प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. तपासणीआधी संमतीचा फॉर्म भरून घेतात तो याच कायद्याखाली. नणंदेला स्पष्ट सांगा, आणि तो विषय या धाग्यावर पुढे नको.

कृष्णकमळ | २८ जानेवारी, दुपारी ४:१५

काल झालं. सुपारीफूल, तुझ्यासाठी सविस्तर लिहिते, कारण मला आधी असं कुणी सांगितलेलं हवं होतं.

आधी अर्धा तास नुसतं बोलले ते डॉक्टर. पाणी का काढायचं, काय कळेल, काय कळणार नाही. गुणसूत्रांची संख्या ठीक आली म्हणजे बाळ सगळ्या बाबतींत निर्दोष, असं नाही, हे त्यांनीच सांगितलं. रक्तगट विचारला. आईचा निगेटिव्ह असेल तर नंतर अँटी-डीचं इंजेक्शन लागतं. माझा बी पॉझिटिव्ह आहे. मग फॉर्मवर सह्या.

आडवं झोपवलं, पोट औषधाने पुसलं, सोनोग्राफीचा प्रोब पोटावर ठेवूनच सुई घातली. बाळ कुठे आहे ते पडद्यावर बघत, त्याला सोडून जिथे पाण्याची जागा मोकळी होती तिथे. मी पडद्याकडे बघितलं नाही, ह्यांनी बघितलं. दुखणं सांगायचं तर इंजेक्शनइतकं, आणि आत गेल्यावर पाळीत पोट ओढतं तसा एक दाब. पाणी फिकट पिवळं होतं, साधारण २० मिली काढलं. सुई आत होती तो वेळ खरोखर थोडा होता. मग ठोके दाखवले. नंतर तासभर बसवून ठेवलं आणि सोडलं. दोन दिवस जड उचलायचं नाही. ताप आला, रक्त गेलं, पाणी गेलं तर ताबडतोब यायचं. रात्री पुण्यातच मुक्काम केला, आज घरी आले. पोटात किंचित दुखतंय, डॉक्टर म्हणाले ठीक आहे.

दोन टप्प्यांत रिपोर्ट येतो. फिश म्हणून तपासणी आहे, त्यात २१, १८, १३ आणि लिंगगुणसूत्रांच्या संख्येचं उत्तर काही दिवसांत मिळतं. पूर्ण कॅरिओटाइपला, म्हणजे सगळी गुणसूत्रं तपासायला, पेशी वाढवाव्या लागतात म्हणून दोन-तीन आठवडे.

वाट बघण्याचं सांगते. मी शाळेत शिकवते, पुण्याचे दोन दिवस सोडले तर रजा घेतली नाही. दुसरीच्या पोरांसमोर उभं राहिलं की सकाळ निघून जाते. दुपार अवघड जाते. संध्याकाळी आम्ही तिघं जेवताना अर्धा तास या विषयावर बोलायचं आणि मग उठायचं, असं ह्यांनी सातरस्ता दादांचं वाचून ठरवलं. आत्या सगळ्यात जास्त पाळते तो नियम.

सुपारीफूल | २८ जानेवारी, संध्याकाळी ५:००

ताई, किती बरं वाटलं वाचून. माझी पुढच्या आठवड्यात आहे. नवरा कामामुळे येऊ शकत नाही, आई येईल.

बाराबंदी | २८ जानेवारी, संध्याकाळी ५:३०

कुठे आहे तुझी? सोलापुरात असेल तर मी येते बाहेर बसायला. आईलाही कुणीतरी लागतं सोबत.

कृष्णकमळ | १ फेब्रुवारी, दुपारी १:०५

फिशचा फोन आला. तिन्ही गुणसूत्रांच्या दोन-दोन प्रती. फोन ह्यांनी घेतला, मी वर्गात होते, शिपाईकाका बोलवायला आले तेव्हा पाय हलेनात. पूर्ण रिपोर्ट यायचा आहे, पण मुख्य भीती गेली असं डॉक्टर म्हणाल्या.

निशिगंध, हे लिहिताना तुमची आठवण येते आहे. तुम्हाला हे वाचून कसं वाटेल माहीत नाही. मेसेज करते आहे, जमेल तेव्हा उत्तर द्या, नाही दिलं तरी चालेल.

निशिगंध | १ फेब्रुवारी, रात्री ९:१५

खूप खूप आनंद झाला गं. खरंच. उत्तर देते उद्या सावकाश.

पारिजात_डॉ | १ फेब्रुवारी, रात्री ९:४०

फार बरं वाटलं. आता अॅनॉमली स्कॅन (बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी) १८ ते २० आठवड्यांत, आणि नात्यातलं लग्न आहे म्हणून हृदयाची सविस्तर सोनोग्राफी २२ ते २४ मध्ये करून घ्यायला डॉक्टरांना विचारा. पॅप-ए कमी होतं, ते फिशने बदललेलं नाही. बीपी प्रत्येक वेळी तपासून घ्या आणि २८ आठवड्यांनंतर वाढीच्या सोनोग्राफी चुकवू नका.

कृष्णकमळ | १६ फेब्रुवारी, रात्री ८:२०

कॅरिओटाइप नॉर्मल. अॅनॉमली स्कॅनही कालच झाला. हृदयात एक छोटा पांढरा ठिपका दिसला, डॉक्टर म्हणाल्या की गुणसूत्रं ठीक आहेत तर त्याला काही अर्थ नाही, पुष्कळ निरोगी बाळांत दिसतो. महिन्यापूर्वी हेच ऐकलं असतं तर मी रात्रभर जागी राहिले असते.

बीपी ११०/७०. अॅस्पिरिन चालू आहे. ओटीभरण सातव्यात करायचं ठरलंय, आत्याने साडी आजच आणली.

सुपारीफूल, तुझं काय झालं? फिश आलं का?

सुपारीफूल | १६ फेब्रुवारी, रात्री ९:०२

आलं ताई. ट्रायसोमी २१ आहे. शुक्रवारी कळलं. बाराबंदीताई त्या दिवशी घरी आल्या होत्या, निशिगंधताईंशी काल फोनवर तासभर बोलले. आमचं अजून ठरलं नाही. नवरा उद्या येतोय, परवा हृदयाची सोनोग्राफी आहे. सतरा आठवडे झालेत. पारिजात डॉक्टर, ठरवायला किती दिवस आहेत माझ्याकडे?

पारिजात_डॉ | १६ फेब्रुवारी, रात्री ९:१०

आहेत, बाळा. घाई करू नका. आधी हृदयाची सोनोग्राफी होऊ द्या, नवऱ्याला सोबत घेऊन समुपदेशकांना भेटा. २० आठवड्यांच्या आत ठरलं तर कागदपत्रं सोपी जातात, पण त्यानंतरही कायद्यात वाट आहे, त्यामुळे परवापर्यंत उत्तर द्यायलाच हवं असं मनावर घेऊ नका. पुढे जायचं ठरलं तर प्रसूती कुठे करायची आणि बाळाचे डॉक्टर कोण, हे आत्तापासून ठरवता येईल. मी तुम्हाला माझा नंबर मेसेजमध्ये पाठवला आहे. आज रात्री झोप आली नाही तर करा फोन.